चौघांत एक पास्ता

इटलीला जाताय? जा ना यार, मस्त आहे. फक्त तिथं मराठी माणूस भेटला तर हरखून जाऊ नका.

आम्ही दोघं नवरा-बायको अमेरिकेतून, टेक्ससमधल्या अर्विंगहून गेलो होतो. द्राक्षमळ्यांमधे एक घरगुती रेस्टॉरंट होतं. शेजारच्या टेबलावर न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरचे मराठी काका-काकू निघाले. मालकीणबाईंनी हौसेनं आमची टेबलं जोडून दिली. काका वाइनमधे शिजवलेलं बीफ मिटक्या मारत खात होते. माझा ग्लास भरत म्हणाले, "घे रे, इथं कोण बघतंय!"

मग म्हणाले, "बोलण्यावरून नागपूरचा वाटतोस. आडनाव काय तुझं?"

"मेश्राम."

"अच्छा," म्हणाले आणि फोन बघायला लागले.

तेवढ्यात मालकीणबाईंनी चौघांत मिळून पास्त्याचं एकच मोठं भांडं आणून ठेवलं. मी काकूंना वाढायला चमचा उचलला, तर त्यांनी प्लेटवर हात आडवा धरला. "नको, आमचं झालं." दोघं उठून निघूनच गेले.

मालकीणबाई रडवेल्या झाल्या. "माझा पास्ता बिघडलाय का?"

"छे, झकास झालाय," म्हणत मी माझ्या प्लेटमधे वाढून घेतला. काकांना वाइन चालली, बीफ चाललं. मेश्राम तेवढा चालला नाही.