शेजारची मॅट

तापवलेल्या खोलीत चालणाऱ्या योगवर्गाला ती आज पहिल्यांदाच आली होती. दाराबाहेरच्या बाकावर बसून ती बूट काढत होती आणि शेजारी बसलेल्या नणंद-भावजयीचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"वहिनी, आजही दोन मॅट?"

"एक माझी, एक तुझ्या दादाची."

"दादाला जाऊन वर्ष होत आलं गं. लोक बघतात."

"बघू देत. आत इतकं उकडतं, की ज्याला त्याला आपापल्या श्वासाची पडलेली असते."

"पण तुला बरं वाटतं ना?"

"घरी पाठ टेकली की छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. इथे घाम निथळायला लागला की डोकं गप्प बसतं. श्वास घ्यायचा, सोडायचा, एवढंच काम उरतं. मग रात्री थोडा तरी डोळा लागतो."

"आणि दादाची मॅट कशाला?"

"शेवटी डोळे मिटून निपचित पडतो ना, तेव्हा माझा हात तिच्यावर जातो. ती गरम असते."



दार उघडलं, सगळे आत गेले. पहिल्यांदाच आलेली ती मात्र दारातच अडली.

"मॅट नाही आणलीत?" शिक्षिका म्हणाली. "फरशी पोळेल हो. उद्या या."

"झोपच लागत नाही हो मला. म्हणून आले होते."

मग भिंतीकडून वहिनीचा आवाज आला.

"इकडे या. ही घातलेलीच आहे."

"वहिनी, अगं..."

"या तुम्ही. गरम झाली असेल आता."