दाव्याचं दुसरं टोक

(दवनीवाडा, १९५७. रोवणी आटोपून पंधरा-वीस दिवस झालेले. भरदुपारी रुख्मा दरेकशाहून माहेरी आली आहे. छपरीत तिची आई देवकाबाई आणि भावजय, म्हणजे भाऊ दुधरामची बायको, धुरपता.)

रुख्मा : पयले ते दावं सोड वयनी. पानी मंग दे.

धुरपता : घे पानी. गोंदियापासून पायीच आली काय?

रुख्मा : अर्ध्या रस्त्यापर्यंत बैलबंडी भेटली. तू दावं सोड. माही माय होय ते, गोऱ्हा नोहे.

धुरपता : कोनं सांगतलं तुले?

रुख्मा : आपल्या गावच्या सुकरामनं. तिकडं बांबू न्यायले आला होता. चार मानसांत म्हने, तुह्या मायले दुधरामच्या बायकोनं ढोरावानी बांधून ठेवलं. भात तसाच चुलीवर ठेवला आन गाडी धरली. भाऊ कुठी हाय?

धुरपता : धानाच्या बांधीत. जागा रिकाम्या पडल्या, त्या रोवून रायला.

रुख्मा : तुमचा रोवना तं कधीचा झाला.

धुरपता : झाला. माय रोज उपटते.

रुख्मा : काय उपटते?

धुरपता : रोवलेलं धान. तिले वाटते पऱ्हेच होत, उपटून दुसरीकडं रोवाचे. बांधीत उतरते, उपटते, मुया पान्यात धुते, जुड्या बांधते. जुडी अजूनबी सुरेख बांधते, एक काडी वाकडी नाई. मंग धुऱ्यावर बसते आन मले म्हनते, घे बाई, रोव.

रुख्मा : आन तू?

धुरपता : रोवते.

देवकाबाई : दिवस बुडाच्या आत दोन बांध्या व्हाले पायजे बरं बायांनो.

रुख्मा : माय, मी रुख्मा.

देवकाबाई : हो काय? बस. तुमच्या गावचा रोवना झाला?

रुख्मा : मले वरखत नाई ते.

धुरपता : मलेबी नाई वरखत. तिच्या मतानं मी रोवनारीन होय. सून लय वाईट हाय म्हनते, जेवाले देत नाई. मलेच सांगते.

रुख्मा : तू काय म्हनते मंग?

धुरपता : मी म्हनते, अशी कशी हो तुमची सून. आन ताट वाढून देते.

रुख्मा : डाक्टरले दाखवलं?

धुरपता : गोंदियाले नेलं होतं. म्हने, बुढापा है, इसकी दवा नहीं. मंग माह्याकडं पायलं त्यानं. म्हने, बहू, तुम सोती कब हो?

रुख्मा : तू काय सांगतलं?

धुरपता : काई नाई. मले सांगताच नाई आलं. त्याले वाटलं, इले हिंदी येत नाई.

रुख्मा : माहेरी तरी जाऊन येत जाय दोन दिवस.

धुरपता : भाऊ दोन खेप आला होता न्यायले. मायपाशी कोन राहीन म्हनून तसाच वापस गेला. आता येत नाई तो.

रुख्मा : माहंबी घर हाय वयनी. सासरा हाय, लेकरं हायेत. आन मायले मी नेलं असतं तरी ते लेकीच्या घरचा घास घेत नाई. माह्या बारशाले... माह्या लेकीच्या बारशाले आली, तं घरून फुटाने बांधून आनले होते तिनं.

धुरपता : ने म्हनलं काय मी तुले?

रुख्मा : म्हनून बांधाची काय पन? राहू दे, मीच सोडते. दुसरं टोक कुठी बांधलं? खाटेले नाई, खांबाले नाई. वयनी, पाय सरकव. लुगडं वर घे जरा.

धुरपता : राहू दे.

रुख्मा : हे तं तुह्याच पायात हाय.

धुरपता : हो.

रुख्मा : काऊन?

धुरपता : सोमवारी माय गावाच्या बोडीत, तळ्यात उतरली. तिले वाटलं, बांधीच होय. मी काठाच्या पारीवर उभी होती. गुडघ्याएवढं पानी झालं, मंग कंबरेएवढं. मी पाहून रायली.

रुख्मा : हाक नाई मारली?

धुरपता : नाई.

रुख्मा : भेव वाटलं असन तुले.

धुरपता : भेव नाई वाटलं. तेच सांगून रायली तुले. काईच नाई वाटलं. तिचा पदर पान्यावर तरंगून रायला होता, आन मी त्याच्याकडं पाहून रायली. आज दाळ शिजवाची का भाजी करावी, असं काईतरी मनात होतं.

रुख्मा : मंग?

धुरपता : मंग मायनंच मांगं फिरून पायलं. म्हने, बाई, इतं पऱ्हे नाईत, चाल घरी. आली बाहेर आपली आपन.

रुख्मा : भाऊले सांगतलं?

धुरपता : नाई. घरी आली आन दावं घेतलं. ते पान्यात गेली तं मीबी ओढली जाईन. मले वाटो का नाई वाटो.

रुख्मा : वयनी, तू रडली तरी काय?

धुरपता : येत नाई.

रुख्मा : मले शिव्या दे. मी सुकरामचं आयकून तुह्यावर धावून आली.

धुरपता : शिव्या कायले देऊ. एक काम कर. मले एक झोप पायजे, एकच. तोपर्यंत हे टोक तुह्या पायात घाल.

रुख्मा : दे इकडं. गाठ केवढी घट्ट मारली व. वण पडले पायावर.

धुरपता : तिकडून सोड. हां, तशी. आन तुह्या पायात घट्ट बांध, माय हिसका मारते.

रुख्मा : बांधली. आता आत जाऊन पड. मी आठ दिस जात नाई. चूलबी मीच पाहाते.

धुरपता : तुह्या सासऱ्याचं?

रुख्मा : मी मेली असती तं केलं असतं ना त्यायनं काईतरी? झोप तू.

धुरपता : माय उठली तं मले उठवजो.

रुख्मा : नाई उठवत.

धुरपता : आत नाई जात. इतंच जरा टेकते भिंतीले.

देवकाबाई : व बाई, ते झोपली काय?

रुख्मा : झोपली, माय. बसल्या बसल्याच झोपली.

देवकाबाई : हळू बोल मंग. चांगली बाई होय. कोनाच्या घरची होय, काय मालूम. रोज येते बापडी, रोज रोवते.

रुख्मा : हो, माय.

देवकाबाई : रोवना सरला, साऱ्या बाया आपापल्या घरी गेल्या. इलेच काऊन कोनी न्यायले नाई आलं?