सबनीसांना इथेच ठेवलं

मंडळी, एरवी इथे आखातात आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला फोन करकरून निम्मेच लोक यायचे. आज हॉल भरलाय. मी सेक्रेटरी, म्हणून मीच बोलायचं असं ठरलं. खरं सांगतो, मला काही जाणवतच नाहीये. इतके दिवस नुसते फोन, फॅक्स, परत फोन. अजून रडूही आलेलं नाही.

अरविंद सबनीस गेले. ऑफिसात, जेवणानंतर, खुर्चीतच. कंपनीचे वकील, आपल्या दिवाळी अंकाचे संपादक, आणि कुणाचं मालकाशी वाजलं की मध्ये पडायला जाणारे आपले सबनीस साहेब.

सुट्टीच्या दिवशीची, शुक्रवार सकाळची त्यांच्या घरची बैठक तुम्हाला ठाऊक आहे. पोहे, चहा आणि त्यांचा तो अमेरिकन. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा माणूस. आधी वकील, मग वर्तमानपत्राचा संपादक, मग राजदूत म्हणून लांबच्या देशात. सबनीस त्याचं चरित्र लिहीत होते. आम्ही चिडवायचो, साहेब, हे तुमचंच चाललंय. ते म्हणायचे, फरक आहे, त्याला सरकारने पाठवलं, मला एजंटने.

तो अमेरिकन नेमणुकीवर असतानाच वारला. मग बोटीने पेटी त्याच्या गावी गेली. गोष्ट इथवर आली की सबनीस चिडायचे. "अरे, तिथली भाषा शिकला, तिथे माणसं जोडली. आणि मेल्यावर सरळ पेटीत घातला. घरच्यांना तरी कुणी विचारलं का?" आम्ही मान डोलवायचो, पोहे संपवायचो. आत सबनीस वहिनी ऐकत असायच्या.

आणि मंडळी, आपण काय केलं? तेच केलं. इथे आपल्यातला माणूस गेला की आपले हात आपोआप चालतात. एम्बसी, एनओसी, कार्गो. यल्ला, यल्ला, चला लवकर. संध्याकाळपर्यंत विमान ठरलं होतं. पुण्याहून त्यांचे भाऊ विमानतळावर पेटी उतरवून घ्यायला निघायच्या तयारीत होते. वहिनींकडे मी गेलो तो फक्त सही घ्यायला.

वहिनींनी कागद नीट वाचला. म्हणाल्या, "भावोजी, मला विचारलंत?"

अनुया शेजारी बसली होती. त्यांची मुलगी, इथेच वाढलेली. ती म्हणाली, "काका, वी लिव्ह हिअर." एवढंच.

परवा दुबईत अनुयाने अग्नी दिला. काल खोर फक्कानला समुद्रात रक्षा सोडली. पुण्याचे लोक नाराज आहेत. आपल्यातही कुजबुज चालू आहे, मला ऐकू येते. वहिनींनी ठरवलं, विचार करून ठरवलं. खलास.

पण एक आहे. वहिनींचा व्हिसा साहेबांच्या नावावर. साहेब नाहीत, म्हणजे व्हिसाही नाही. अनुयाला घेऊन त्यांना आता जावं लागणार. काल किनाऱ्यावर मला राहवलं नाही. म्हटलं, वहिनी, तुम्ही तिकडे आणि ते इथे, हे कसं व्हायचं?

त्या पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "लग्नानंतर पहिली काही वर्षं असंच होतं ना. फॅमिली व्हिसा नव्हता. ते इथे, मी पुण्यात. मला सवय आहे. फक्त आता फोन येणार नाही."

मंडळी, वहिनी इथे समोर बसल्या आहेत. आपण उभे राहू या. थोडा वेळ कुणीच काही बोलू नका.