अकरा मसुदे

काका : दादाचं पत्र आलं त्याला सात वर्षं झाली. ‘रागात बोललो, चुकलं. एकदा ये.’ एवढंच. धाकट्यानं उत्तर द्यावं की नाही?

दुरुस्तीवाली : दिलंच नाहीत?

काका : लिहीत होतो. हा घेऊन आलोय ना, ह्याच कॉम्प्युटरवर. अकरा वेळा लिहिलं.

दुरुस्तीवाली : हातानं लिहून टाकायचं, काका.

काका : हातानं लिहिलं की खाडाखोड दिसते. गेल्या रविवारी वहिनीचा फोन आला. दादा पडून आहे, तुमच्या पत्राचं विचारतो, म्हणाली. छापायला गेलो तर कॉम्प्युटर मधेच बंद पडायचा. म्हणून नवी डिस्क, ती एसएसडी, आणली, पुस्तकात बघून बसवली. तेव्हापासून पडदा काळा. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही.’

दुरुस्तीवाली : आज शनिवार आहे.

काका : पुस्तक दोनदा वाचलं. तुमच्या दुकानावरून तीनदा गेलो. आत गर्दी होती. म्हणजे, नव्हती.

दुरुस्तीवाली : बसवलीय नीट. जुनी डिस्कही जोडलेली आहे. अहो, नवी कोरी आहे ना. सुरू करणारं तिच्यात काहीच नाही, आणि हा आधी तिच्याकडेच बघून अडून बसतो. सेटिंगमध्ये जुनीला पहिला नंबर द्यायचा. हे बघा, झाला सुरू.

काका : दोन मिनिटं लागली.

दुरुस्तीवाली : माझं रोजचंच काम आहे हो.

काका : दादा गुरुवारी गेला.

दुरुस्तीवाली : काका...

काका : वहिनी म्हणते, तरी पाठवा. ‘मी ह्यांच्या खोलीत बसून वाचेन,’ म्हणाली.

दुरुस्तीवाली : पाणी घ्या आधी. कुठलं छापू? शेवटचं वीस पानी आहे.

काका : पहिलं. त्यात काय लिहिलं होतं, आठवत नाही.

दुरुस्तीवाली : ‘दादा, तू चुकला नव्हतास. येतो. खोकला कमी आहे का?’

(काका पडद्याशी वाकून ते पुन्हा वाचतो.)

दुरुस्तीवाली : काही बदलायचंय?

काका : नको. तसंच छापा.

दुरुस्तीवाली : पाकिटावर नाव वहिनींचं?

काका : दादाचं. द्या, पेटीत मीच टाकतो.

(तो रस्ता ओलांडून टपालपेटीपर्यंत जातो, परत येतो.)

दुरुस्तीवाली : टाकलंत?

काका : टाकलं. चार वाजता पेटी उघडतात, असं लिहिलंय. तोवर इथं बसलो तर चालेल?

दुरुस्तीवाली : बसा ना. थांबा, खुर्ची दाराकडे वळवून देते.