रणजीतची वर्दी

सनी : …म्हणजे असं बघा काकू, गणपतीच्या बाजूलाच देखावा. पडदा वर जातो, धूर सुटतो, लाल लाइट, धडाम् धडाम्! आणि मधोमध आपला रणजीतदादा. एकदम कडक सीन.

शालन : रणजीत? त्यो कुठनं आला मधोमध?

सनी : म्हणजे आमच्या मंडळातला प्रितम उभा राहणार ना त्याच्या जागी. सेम हाइट आहे. फक्त वर्दी ओरिजिनल पाहिजे. अख्ख्या नावड्यात कुठल्याच मंडळाकडे ओरिजिनल नाय.

शालन : आन् आमच्या पेटीत हाय, ह्ये कुणी सांगितलं तुला?

सनी : काकांनीच. काल मीटिंगमध्ये हो बोलले.

जोतीराम : आगं, पोरं लई मानानं इचारत हुती. बॅनरवर माजं नाव टाकणारेत, ‘वीरपिता’ म्हणून…

शालन : झालं का मन गार? पोरगा गेल्यापासनं सत्काराच्या शाली साठल्यात कपाटात, गोधड्या शिवाव्यात एवढ्या. अजून एक पायजे व्हय तुमास्नी?

जोतीराम : गप की. पोरासमोर काय ह्ये.

शालन : का गप? सांग रं सनी, मंग तुजा प्रितम काय करतो?

सनी : लढतो. चार-पाच जणांना उडवतो. मग छातीत गोळी. झेंडा धरून खाली. पब्लिक रडणार, काकू, लिहून घ्या.

शालन : मरतो म्हण की. जीभ झिजती का?

सनी : शहीद होतो.

शालन : आन् मग?

सनी : मग पडदा. पुढची बॅच आत.

शालन : म्हंजे परत उठतो.

सनी : उठणारच ना! रात्रीपर्यंत शो आहेत.

शालन : बरं हाय बाबा प्रितमचं. आमच्याला न्हाय जमलं.

सनी : काकू, तसं नका ना बोलू. तुमचा पण आवाज ठेवलाय. मंडळाच्या उज्वलाताईंनी तुमच्या जागी बोलून रेकॉर्ड केलाय. ‘मला अजून एक मुलगा असता, तर तोही देशाला दिला असता!’

शालन : उज्वलाला दोन हायत की. एक महाप्याला हापिसात एसीत बसतो, दुसरा कॅनडात. दिला न्हाय त्यातला एखादा?

सनी : डायलॉग आहे तो.

शालन : व्हय, डायलॉगच. ज्याचं जातंय त्यो आसलं बोलत न्हाय. आन् तू रं? लढाई थांबली तवा मोबाइलवर काय टाकलं हुतंस? शेजारच्या वैदेहीनं दावलं मला.

सनी : ते… सगळेच टाकत होते.

शालन : ‘एवढ्यात का थांबले, मजा येत होती.’ वेफर खात बघत हुतास नव्हं? मी त्या दिवशी साखर वाटली दारोदार. बायकांना वाटलं, हिला येड लागलं. आरं, कुणाचा तरी रणजीत घरी येणार हुता! हिकडचा, न्हायतर तिकडचा.

सनी : तिकडचा पण?

शालन : का? तिकडं काय पोरं झाडाला लागत्यात?

जोतीराम : आता पुरं. दिऊन टाक ती वर्दी. मी शब्द दिलाय.

शालन : शब्द दिला म्हणं! समद्यांनी नुसतं द्यायचंच काढलंय. मी न्हाय दिला माजा पोरगा. त्यो नेला. वर्दी पायजे तर तुमीच काढा पेटीतनं. मी हात लावायची न्हाय.

(जोतीराम आत जातो. पेटीचं झाकण वाजतं. वर्दी घेऊन बाहेर येतो, पण सनीकडे देत नाही.)

शालन : द्या की. का? सुटंना व्हय हातातनं?

जोतीराम : जलम गेला मार्केटात पोती उचलण्यात. एवढी हलकी कशी गं ही?

सनी : काका… राहू द्या. भाड्याची आणतो आम्ही.

शालन : थांब. ने. पर सीन मी सांगीन त्यो. धूर नगं, धडाम् नगं. ही आपली बिल्डिंग. वर खिडकी. रणजीत खाली हुबा, खांद्याव बॅग, दाढी वाढलेली. न सांगता आलाय, दर सुट्टीला यायाचा तसा. आन् खालनंच वराडतो, ‘आये, चा टाक!’ झालं. पाडा पडदा.

सनी : बस? गोळी नाय, काय नाय?

शालन : न्हाय.

जोतीराम : मलाबी ठेव रं त्यात. बॅग घ्यायला मी जिन्यावनं पळत जायाचो.

सनी : पण काकू, ह्याला रांग कोण लावणार?

शालन : मी लावीन की. पडदा पडला, की परत मागं जाऊन हुबी ऱ्हाईन.