जावयासाठी थंडगार सूप

जावयाले थंड काय द्यावं, हे आमच्या मायले इचारू नका. लग्नानंतर ताईचा नवरा पहिल्यांदा पुलगावले जेवाले येनार होता, तेही मे महिन्यात. त्याच्या घरी फ्रिज, आमच्या घरी माठ. मायनं मासिकात वाचून काकडी, टमाटे अन् पुदिन्याचं सूप केलं. ते गार करूनच वाढा, असं लिवलं होतं.

माय म्हने, "घरात सगळ्यात गार कुलरचं पानी." सुपानं भरलेला गंज तिनं कुलरच्या टाकीत ठेवला, तो मस्त तरंगून राह्यला.

जावई घामाघूम होऊन आला, तसा बाबानं कुलर लावला. पंप सुरू झाला अन् आत गंज कलंडला, ते कोनालेच समजलं नाई. पंपानं सूप कुलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर चढवलं, पंख्यानं जावयावर उडवलं. खोलीत पुदिन्याचा घमघमाट सुटला.

बाबा खुशीत म्हने, "वाळा नवा हाय."

जावयाच्या पांढऱ्या सदऱ्यावर हिरवे-लाल ठिपके पाहून माय दारातूनच हळू म्हने, "जावईबापू, ते सूप होतं."

त्यानं मिशीवरून जीभ फिरवली, जरा इचार केला.

"मग आई, मीठ कमी पडलं."