पन्हळीतली जाळी

हसू नका, पण सांगतेच. आमचं घर बोरीवलीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर. गच्चीवरच्या पत्र्याची पन्हळ तुंबली की पाणी थेट आमच्या बेडरूममध्ये. दर मे महिन्यात हे स्वतः शिडी लावून ती साफ करायचे. हे गेल्यानंतरचा यंदाचा पहिलाच मे. मी ठरवलं, घरात थेंब येऊ द्यायचा नाही. पन्हळ साफ करणारा माणूस बोलावला आणि स्वतः गच्चीवर जाऊन उभी राहिले.

शिडीवरून तो ओरडला, "मॅडम, पाइपच्या तोंडावर ही कसली जाळी बसवलीय?"

हातात घेतली आणि ओळखली. "अरे, ही माझ्या पुरणयंत्राची!"

तीन वर्षांपूर्वी, होळीच्या आदल्या दिवशी सापडेना म्हणून मी नणंदेवर आळ घेतला होता.

"धुऊन देऊ? घरी न्या. मी नवीन बसवतो, एकदम झकास."

"नको. होती तिथेच घट्ट बसव."

"पण मॅडम..."

"बसव म्हटलं ना!"

जुलैभर पाऊस कोसळला, घरात थेंब आला नाही. नणंदेला फोन करून माफीही मागितली.

पण त्या होळीला हा गृहस्थ माझ्याबरोबर तासभर ओट्याखाली वाकून जाळी शोधत होता हो!